जागेचे तोंड

स्मरणिकेसाठी सभासदांच्या घरात उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा, असा ट्रस्टच्या चिटणीसांचा निरोप आला. मी पडलो शाळामास्तर. विचार करायचा म्हणजे आधी वर्गाला गणित घालायचे, ही सवय. म्हणून नववीच्या वर्गात फळ्यावर पुढील उदाहरण लिहिले.

एका घराची रस्त्याकडील रुंदी २४ फूट आणि रस्त्यापासून मागे लांबी ८० फूट आहे. मालक वारला. मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली आहेत. इस्लामी वारसा-कायद्याप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. वाटणी करा.

उदाहरण सोपे आहे. पत्नीचा आठवा हिस्सा गेल्यावर सात अष्टमांश उरतात आणि दोन मुलगे व तीन मुली मिळून वाटेही सातच होतात. तेव्हा प्रत्येक मुलीला एक अष्टमांश व प्रत्येक मुलाला दोन अष्टमांश. एकंदर क्षेत्र १९२० चौरस फूट; एक अष्टमांश म्हणजे २४०. वर्गातील बहुतेकांचे उत्तर बरोबर आले.

मग मी म्हटले, "आता हे २४० चौरस फूट फळ्यावर काढून दाखवा." एक मुलगा आला. त्याने रस्त्यापासून परड्यापर्यंत उभ्या रेघा ओढल्या. मुलीच्या वाट्याला ३ फूट रुंद आणि ८० फूट लांब अशी पट्टी आली. मागच्या बाकावरची एक मुलगी हसून म्हणाली, "सर, ह्यात खाट आडवी मावत नाही, उभी टाकली तर माणूस जात नाही." दुसऱ्याने रेघा आडव्या ओढल्या. आता एक अष्टमांश म्हणजे २४ फूट लांब, १० फूट रुंद अशी छान खोली झाली. वर्गाला हायसे वाटले. मी विचारले, "रस्त्यावरचा वाटा एकाचा. बाकीच्यांनी आपल्या घरात शिरायचे कुठून?" ह्यावर मात्र कोणी बोलले नाही.

वर्गात मी सांगितले नाही, पण ही मापे माझ्या आजोबांच्या घराची होती. वारसही तेवढेच होते.

हिंदू कुटुंबांत गणित वेगळे, पण पेच तोच. घर मालकाच्या स्वकष्टाचे असेल, त्याने मृत्युपत्र केले नसेल आणि त्याची आई हयात नसेल, तर १९५६ च्या वारसा-कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे व मुली ह्यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे वरच्या घराचे सहा वाटे, प्रत्येकी तोंड ४ फूट. कायदा हिस्सा अपूर्णांकात सांगतो. घराला मात्र तोंड एकच असते.

तोंड म्हणजे काय, हे आता नीट पाहू. जुनी माणसे 'घराचे तोंड पूर्वेला आहे' असे म्हणत. कोणी मोहरा म्हणतात, कोणी दर्शनी बाजू. जमिनीचे दलाल सरसकट 'फ्रंटेज' म्हणतात. अर्थ असा, की जागेच्या चार हद्दींपैकी जी हद्द सार्वजनिक रस्त्याला भिडते आणि जिच्यातून आत-बाहेर जाण्याचा आपल्याला हक्क आहे, त्या हद्दीची लांबी म्हणजे त्या जागेचे तोंड. ह्यात दोन गोष्टी आहेत: रस्त्याला भिडणे आणि जाण्याचा हक्क. दोन्ही असल्याखेरीज तोंड पुरे होत नाही. जागा रस्त्याजवळ असणे निराळे आणि रस्त्याला लागून असणे निराळे. मध्ये कोणाची फूटभर रुंदीची पट्टी असली तरी ती पट्टीवाल्याची मर्जी सांभाळावी लागते. नव्या वसाहतीत प्लॉट पाडताना अशी चिंचोळी पट्टी मुद्दाम स्वतःकडे ठेवणारे महाभाग असतात, म्हणून नकाशा पाहताना डोळ्यांत तेल घालावे.

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला तोंडाची किंमत वेगळी सांगायला नको. घराला घर लागलेले, भिंती सामाईक. तोंड दोन किंवा तीन खणांचे, म्हणजे खांबाखांबांतल्या दोन-तीन गाळ्यांचे. आणि आत शिरावे तर सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर, परडे असे घर मागे मागे चाललेले. गल्लीच्या थोड्या लांबीत पुष्कळ घरांना रस्ता मिळावा, ह्यासाठी प्रत्येकाने रुंदीत काटकसर केली आणि लांबीत हौस भागवली. एक कुटुंब राहत होते तोवर ही रचना उत्तम होती. उजेड चौकातून येई, वारा परड्यातून येई आणि पुढच्या सोप्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला गल्लीतले सारे कळे. अडचण आली ती एका तोंडामागे दोन चुली झाल्या तेव्हा.

खरेदीखते लिहिणाऱ्यांना ह्या तोंडाचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या एकविसाव्या कलमात शहरातील घराचे वर्णन कसे करावे ते सांगितले आहे. घर ज्या रस्त्याकडे तोंड करून आहे त्या रस्त्याचे नाव, रस्त्याच्या उत्तरेस की अन्य कोणत्या बाजूस ते आहे ते, आधी व आता कोण राहतो ते, आणि असल्यास घरक्रमांक. घर कोणत्या रस्त्याचे, ही त्याची पहिली ओळख. असे असूनही आपल्याकडच्या कित्येक दस्तांत चतुःसीमा व एकूण क्षेत्र लिहितात आणि तोंड किती फूट हे लिहायचे राहून जाते. नव्या वसाहतींत तर 'तीस-चाळीस' असे बोलून सौदे होतात. त्यात तोंड तीसचे की चाळीसचे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. दस्तात 'पूर्व-पश्चिम इतके, दक्षिणोत्तर इतके' असे असते. रस्ता कोणत्या दिशेला आहे हे पाहून तोंड आपणच काढून घ्यावे.

आता किमतीकडे वळू. एकाच जागेतला प्रत्येक चौरस फूट सारख्या मोलाचा नसतो. रस्त्याजवळच्या फुटावर दुकान चालते. परड्यातल्या फुटावर कपडे वाळतात. म्हणून मूल्य ठरवणारे जाणकार लांबट जागेचे रस्त्याला समांतर असे पट्टे पाडतात. पहिल्या पट्ट्याला पूर्ण भाव, दुसऱ्याला दोन-तृतीयांश, उरलेल्याला निम्मा, असा एक प्रघात आहे. दुसरा पट्टा पहिल्याच्या दीडपट लांब धरतात. पहिला पट्टा किती फुटांचा, हे पेठ पाहून ठरते. भूसंपादनाच्या खटल्यांत न्यायालयांनीही ही पद्धत पुष्कळदा वापरली आहे.

आजोबांच्या घरावर ती लावून पाहू. पहिला पट्टा २० फूट लांबीचा धरला. २४ गुणिले २०, म्हणजे ४८० चौरस फूट, पूर्ण भावाचे. पुढचा पट्टा ३० फुटांचा, ७२० चौरस फूट. दोन-तृतीयांश भावाने तो पूर्ण भावाच्या ४८० फुटांच्या तोलाचा. शेवटचा ३० फुटांचा, तोही ७२० चौरस फूट; निम्म्या भावाने ३६०. सारे घर मिळून १९२० चौरस फूट दिसत असले तरी मोलाने ते पूर्ण भावाच्या १३२० फुटांएवढे आहे.

आता ह्या घराचे मधोमध आडवे दोन तुकडे करा, पुढचे ४० फूट एकाला आणि मागचे ४० फूट दुसऱ्याला. टेपने पाहिले तर दोघांना ९६० चौरस फूट, अगदी बरोबर. मोलाने पाहिले तर पुढच्याला ४८० अधिक ३२०, म्हणजे ८००. मागच्याला १६० अधिक ३६०, म्हणजे ५२०. वाटणी समान व्हायची तर पुढच्याने मागच्याला १४० फुटांची किंमत रोख मोजून दिली पाहिजे. हिशेबासाठी पूर्ण भाव फुटाला ६००० रुपये धरला तर ही रक्कम ८ लाख ४० हजार होते. टेप खरी बोलते, पण पुरे बोलत नाही.

आमच्या घरी अशीच टेप लावली गेली. आजोबा १९८४ साली गेले. दोन वर्षांनी अब्बा आणि चाचा ह्यांनी घर मधोमध वाटून घेतले. माझ्या तीन आत्या, आम्ही त्यांना फुफी म्हणतो, सासरी होत्या. थोरल्या फुफी म्हणाल्या, "तीन फूट घेऊन मी काय करू? तुम्ही सुखाने राहा." हे बोलणे अब्बांनी कौतुकाने आम्हाला कितीदा ऐकवले असेल! त्यात हक्क सोडलेला होता की केवळ भावांची अडचण ओळखलेली होती, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला नाही. अब्बा शांत स्वभावाचे. त्यांनी मागची बाजू मागून घेतली. विहीर आपल्याकडे आली ह्याचाच त्यांना आनंद. जायला-यायला दक्षिणेच्या भिंतीलगत ३ फुटांचा बोळ ठेवायचा असे तोंडी ठरले. कागद झाला नाही. सख्ख्या भावांत कागद करणे त्या पिढीला कमीपणाचे वाटे.

पुढे चाचांच्या मुलाने पुढच्या सोप्याचे दुकान केले. त्यात वाईट काही नव्हते. रस्त्याचे तोंड रिकामे ठेवणारा बाजारात कोण आहे? पण बोळात आधी पाण्याची टाकी आली. मग शटरची चौकट बोळाकडे थोडी सरकली. मग जुनी मातीची भिंत काढून विटांची बांधताना ती आणखी थोडी सरकली. कोणीही एका दिवसात बोळ खाल्ला नाही. माझी सायकल आधी सरळ जात असे; नंतर हँडल तिरपे करून न्यावी लागू लागली. अब्बा म्हणत, "घरचीच माणसे आहेत."

२०११ साली अब्बांचे निधन झाले. जनाजा उचलल्यावर बोळाच्या तोंडाशी आला आणि थांबला. खाट कशीबशी मावत होती, पण दोन्ही बाजूंना खांदा देणारी माणसे मावत नव्हती. क्षणभर सारे गप्प उभे राहिले. माझ्या चुलतभावाने न बोलता दुकानाचा माल बाजूला लोटला, शटर वर केले आणि म्हणाला, "भाईजान, इकडून न्या." अब्बा आपल्या जन्मघरातून शेवटचे बाहेर पडले ते भावाच्या दुकानातून. दहाव्या दिवशी मी टेप आणून बोळ मोजला. २ फूट २ इंच.

ह्या प्रसंगानंतर मी कायद्याची पुस्तके चाळली. प्रशिक्षित पदवीधर असूनही आपल्या दाराचा कायदा आपल्याला ठाऊक नव्हता, ह्याची लाज वाटली. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. वकील त्या हक्काला ईझमेंट म्हणतात. त्याचे तेरावे कलम सांगते, की सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एकाचा वाटा उपभोगायला दुसऱ्याच्या वाट्यातून जाणे अपरिहार्य असेल, तर तो हक्क त्याला आपोआप मिळतो. चौदावे कलम सांगते, की वाट कुठून द्यायची हे ज्याच्या वाट्यातून ती जायची तो ठरवील, पण ती जाणाऱ्याला वाजवी सोयीची असली पाहिजे. कोंडलेल्या माणसाला कायदा वाऱ्यावर सोडत नाही, हे खरे. पण एक्केचाळिसावे कलमही वाचावे. गरज संपली की गरजेपोटी मिळालेला हक्कही संपतो. उद्या मागच्या गल्लीकडून आपल्याला दार मिळाले, तर पुढची वाट गेली असे समजा. तसेच 'अपरिहार्य' म्हणजे किती फूट, हे कायदा इंचांत सांगत नाही. ते भांडून ठरवावे लागते.

वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क मिळतो, असे आपण सारे ऐकून असतो. पंधराव्या कलमात तशी तरतूद आहे. मात्र ती वहिवाट हक्क म्हणून, उघडपणे, अखंड व विनातक्रार चाललेली असली पाहिजे. 'जा की, कोण नको म्हणतो' अशा परवानगीने चाललेली वहिवाट कितीही वर्षे चालली तरी तिचा हक्क होत नाही, आणि नात्यातल्या बहुतेक वाटा अशाच परवानगीच्या असतात. म्हणून वाटणीपत्रात बोळाची रुंदी, लांबी, बाजू आणि मालकी स्पष्ट लिहून त्याची नोंदणी करणे हाच मार्ग आहे. जमल्यास बोळ मागच्याच्या मालकीचाच करावा. नुसता जाण्याचा हक्क असला की त्याच्यावर टाकी येते. मालकी असली की टाकी ठेवणारा आधी विचारतो. शिवाय हिशेबही जवळ येतो. वरच्या उदाहरणात ३ फुटांचा बोळ मागच्याला दिला तर त्यात पहिल्या पट्ट्यातील ६० व दुसऱ्यातील ४० अशी १०० फुटांची किंमत जाते. पुढचा ७०० वर येतो, मागचा ६२० वर, आणि रोख द्यायची ती ४० फुटांचीच.

वाटेकरी पुष्कळ आणि तोंड अरुंद असेल तर जागा कापूच नये, असे माझे मत आहे. एकाने घ्यावी व इतरांना मोलाप्रमाणे पैसे द्यावेत. किंवा पुढचे दुकान सामाईक ठेवून भाडे वाटून घ्यावे. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे, जागा नीट विभागता येत नसेल आणि निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या धन्यांनी मागणी केली, तर न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकते. मात्र इतर वाटेकऱ्याला मूल्यांकनाप्रमाणे मागणी करणाऱ्यांचा हिस्सा विकत घेता येतो. घर राहावे असे वाटत असेल त्याने ही पाळी येऊ देऊ नये.

रस्ता-रुंदीकरणाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. रुंदीकरणात जागेची लांबी जाते, तोंड बहुधा जात नाही. २४ फूट तोंडाच्या घराचे पुढचे ८ फूट गेले तरी नवे तोंड २४ फूटच राहते. पण घर आडवे वाटलेले असेल तर तो सारा तोटा एकट्या पुढच्याच्या अंगावर पडतो. तेव्हा मागच्यानेही समंजसपणा दाखवावा. ह्याचीही तजवीज वाटणीपत्रात आधीच करता येते.

कोपऱ्याच्या प्लॉटला दोन तोंडे असतात म्हणून भाव जास्त. पण बांधकामाच्या नियमाप्रमाणे दोन्ही रस्त्यांकडे जागा सोडावी लागली की आतले घर लहान होते. पुढे अरुंद व मागे रुंद ती गोमुखी जागा, पुढे रुंद ती व्याघ्रमुखी. राहणाऱ्याला पहिली, दुकानदाराला दुसरी शुभ, असे म्हणतात. शुभाशुभाचे मला ठाऊक नाही, पण दुकानदाराला रुंद तोंड हवे हे कोणालाही पटेल. राष्ट्रीय महामार्गालगतची जमीन घेणाऱ्याने मात्र जपावे. २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्याप्रमाणे महामार्गावरून थेट आत वळण्यास परवानगी लागते. शंभर फूट तोंड असूनही वाट नाही, असे तेथे होऊ शकते. आपल्यापैकी ज्यांची शेती चंदगड तालुक्यात आहे, त्यांनी महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम माहीत करून घ्यावे. शेताला रस्ता नसेल तर शेजारच्या बांधांवरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करू शकतात. आणि जे कोणी पुण्यकर्म म्हणून शाळेला वा दवाखान्याला जागा देतात, त्यांना एक विनंती. जागा मागची देत असाल तर तिच्या वाटेचीही देणगी त्याच कागदात करा. दुसऱ्याच्या अंगणातून मुलांना शाळेत जावे लागले तर तो धनी आज हसतो, उद्या कुंपण घालतो.

आमच्या घराचा कागद शेवटी २०१३ साली झाला. मधल्या काळात आजीही गेली होती, म्हणून आठाचे सात वाटे झाले. मुलांचे दोन-दोन, मुलींचा एक-एक. एका जाणकाराकडून पट्ट्यांच्या पद्धतीने घराचे मूल्य काढून घेतले. तिन्ही फुफींचे सातवे हिस्से रुपयांत ठरले आणि दोन्ही घरांनी मिळून ते तीन वर्षांत फेडायचे ठरले. थोरल्या फुफींनी पहिला हप्ता हातात घेतला, पदराच्या गाठीत बांधला आणि "ह्याची मला गरज नव्हती" असे मुळीच म्हणाल्या नाहीत. बोळ मूळ ठरल्याप्रमाणे ३ फुटांचा लिहायचा होता. चाचा तेव्हा थकले होते, मसुदा त्यांना वाचून दाखवावा लागला. त्या ओळीवर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, "चार लिही." चुलतभावाने काही न बोलता मान हलवली. त्यासाठी त्याला शटरची चौकट काढून पुन्हा बसवावी लागली.

नोंदणी कचेरीत चाचांनी सही केली, चष्मा पुसला आणि विचारले, "तोंड किती लिहिलंस रे?"

"तुमचे वीस फूट, चाचा," मी म्हणालो, "आमचे चार."